ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला? नवीन सेन्सर आणण्याआधी हे तपासा

स्कॅनर लावला, ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला, की गॅरेजमध्ये पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "सेन्सर गेला भो, नवीन टाकू." कधी ते खरंही असतं. पण कोड एवढंच सांगतो की या सर्किटमध्ये किंवा या मोजमापात गडबड आहे. गडबड सेन्सरमध्ये आहे, वायरीत आहे, फ्यूजमध्ये आहे की इंजिनात, हे शोधणं आपलं काम. दोन-चार हजारांचा सेन्सर बदलून आठवड्यात तोच दिवा परत पेटलेल्या गाड्या कमी नाहीत. म्हणून या लेखात बदलण्यापेक्षा तपासण्यावर जास्त भर आहे. बदलणं हे पाना हातात धरता येणाऱ्याला तासाभराचं काम आहे.

लेख पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेलचं गणित वेगळं, ते इथे नाही.

सेन्सर नेमकं काय मोजतो

सायलेन्सरच्या लाइनीत बसवलेल्या या सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाची सिरॅमिक टोपी असते. तिच्या बाहेरच्या अंगाला इंजिनाचा धूर लागतो, आतल्या अंगाला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढी तफावत, तेवढं व्होल्टेज तयार होतं. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसला, म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असलं, तर ०.८ ते ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन उरलेला असला, म्हणजे लीन (पेट्रोल कमी) असलं, तर ०.१ ते ०.२ व्होल्ट. मधला ०.४५ हा उंबरठा. शुद्ध पेट्रोलसाठी १ भाग इंधनाला वजनाने १४.७ भाग हवा हे बरोबर प्रमाण, आणि नेमक्या त्याच जागी व्होल्टेज एकदम उडी मारतं. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सतत थोडं पेट्रोल वाढवतो, थोडं कमी करतो, त्यामुळे चांगल्या सेन्सरचा आकडा कधीच एका जागी थांबत नाही. तो वर-खाली पळत राहणं हीच तब्येतीची खूण.

ही टोपी साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही. ती लवकर तापावी म्हणून आत हीटर असतो. तोपर्यंत ईसीयू सेन्सरकडे न पाहता साठवलेल्या हिशोबाने पेट्रोल सोडतो. याला ओपन लूप म्हणतात. सेन्सर तापून त्याचं ऐकायला सुरुवात झाली की क्लोज्ड लूप.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नाही. एका सिलेंडरचा स्पार्क चुकला तर तिथलं पेट्रोल तसंच बाहेर जातं, पण त्याच्यासोबत न वापरलेला ऑक्सिजनही जातो, आणि सेन्सर बिचारा "लीन" म्हणून सांगतो. मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या पहिल्या पाइपाच्या) गास्केटमधून बाहेरची हवा आत ओढली गेली तरी तो "लीन"च सांगतो. ईसीयू त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवतो आणि एव्हरेज पडतं. या दोन्ही वेळा सेन्सर खरं बोलतोय. त्याला बदलून काय होणार?

पहिला की दुसरा

बहुतेक गाड्यांत दोन सेन्सर असतात. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा पहिला, नंतरचा दुसरा. स्कॅनरवर ते बँक १ सेन्सर १ आणि बँक १ सेन्सर २ अशा नावाने दिसतात. आपल्या नेहमीच्या तीन-चार सिलेंडरच्या गाड्यांत बँक, म्हणजे सिलेंडरची रांग, एकच असते, बँक २ ही व्ही आकाराच्या मोठ्या इंजिनात. पेट्रोलचा हिशोब मुख्यतः पहिल्यावर चालतो. दुसरा कन्व्हर्टरवर लक्ष ठेवतो. एव्हरेज आणि पिकअपची तक्रार असेल तर दुसऱ्यावर पैसे घालून फारसं काही मिळत नाही.

लक्षणं, आणि पीयूसीची पावती

चेक इंजिनचा दिवा, एव्हरेज घटणं, आयडलवर गाडी थरथरणं, चढाला पिकअप न मिळणं, सायलेन्सरच्या तोंडाशी कोरडी काळी काजळी, कधी कुजलेल्या अंड्यासारखा वास. यातलं एकही लक्षण फक्त ऑक्सिजन सेन्सरचं नाही. स्पार्क प्लगपासून इंजेक्टरपर्यंत कशानेही हे होतं.

पीयूसीची पावती मात्र नीट वाचण्यासारखी असते आणि ती बहुतेक लोक न वाचताच डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतात. बीएस-४ पासूनच्या पेट्रोल गाडीला आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएम ही मर्यादा आहे. २५०० आरपीएमच्या आसपास सीओ ०.२ टक्के आणि लॅम्डा (हवेचं प्रमाण; १ म्हणजे अगदी बरोबर, त्यावर लीन, त्याखाली रिच) ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान हवा. सीओ जास्त आणि लॅम्डा १ च्या खाली असेल तर गाडी खरोखर रिच चालते आहे. एचसी खूप आणि लॅम्डा १ च्या वर असेल तर मिसफायरचा, म्हणजे स्पार्क चुकण्याचा, संशय घ्या. सीओ, एचसी दोन्ही कमी आणि तरी लॅम्डा वर, तर बाहेरची हवा सायलेन्सरच्या लाइनीत शिरते का ते बघा. शंभर-दीडशे रुपयांत एवढी माहिती दुसरीकडे मिळत नाही. फक्त तपासणी करताना इंजिन पूर्ण गरम असू द्या.

सामान

ईसीयूमधली माहिती वाचणारा आणि मोबाइलला जोडता येणारा ब्लूटूथ ओबीडी डोंगल, म्हणजे ईएलएम ३२७ जातीचा, आणि त्याचं कुठलंही चांगलं अॅप. डोंगलचं सॉकेट ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी डॅशबोर्डखाली असतं. डिजिटल मल्टिमीटर; काट्याचा जुना मीटर किंवा टेस्ट लॅम्प सिग्नलच्या वायरीला लावू नका, तेवढा करंट देण्याची सेन्सरची ताकद नसते आणि आकडा खोटा येतो. दोन बारीक टाचण्या, साबणाचं पाणी, टॉर्च. बदलायची वेळ आली तर २२ मिमीचा रिंग पाना किंवा बाजूला खाच असलेली सेन्सरची गोटी, गंज सैल करणारा स्प्रे, जाड हातमोजे. गाडीखाली जाणार असाल तर जॅकवर भरवसा ठेवू नका, स्टँड लावा.

कोड वाचा, पण लगेच पुसू नका

आधी सगळे कोड लिहून घ्या. अॅपमध्ये फ्रीझ फ्रेम असेल तर तीही जपून ठेवा: कोड आला तेव्हा इंजिन किती गरम होतं, वेग किती, आरपीएम किती. कोड पुसला की बहुतेक गाड्यांत हेही जातं.

पहिल्या सेन्सरचे कोड असे. पी०१३० सर्किटची सर्वसाधारण गडबड, पी०१३१ व्होल्टेज कमी, पी०१३२ व्होल्टेज जास्त, पी०१३३ प्रतिसाद मंद, पी०१३४ काहीच हालचाल नाही, पी०१३५ हीटरचं सर्किट. हीटरसाठी पी००३० ते पी००३२ हेही दिसतात. दुसऱ्या सेन्सरचे तेच क्रमाने पी०१३६ ते पी०१४१. याशिवाय पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन, पी०१७२ म्हणजे रिच, पी०४२० म्हणजे कन्व्हर्टरची क्षमता घटली. हे शेवटचे तीन ऑक्सिजन सेन्सरचे कोड नाहीतच. ते सेन्सरने दिलेल्या माहितीवरून काढलेले निष्कर्ष आहेत, आणि नेमके याच तिघांपायी सगळ्यात जास्त चांगले सेन्सर भंगारात जातात.

सेन्सरच्या कोडसोबत मिसफायरचा कोड असेल, म्हणजे पी०३०० ते पी०३०४ पैकी एखादा, तर आधी प्लग आणि कॉइल बघा. सेन्सरचं नंतर.

डोळ्यांनी बघणं

मीटर काढण्याआधी बॉनेट उघडा आणि गाडीखाली वाका. खान्देशात हे जरा जास्तच मन लावून करावं लागतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. वायरीवरचं आवरण कडक होऊन तडकतं. रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यात किंवा खळ्यात रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर शिरतात आणि त्यांना सेन्सरची वायर आणि इंजेक्टरची वायर सारखीच. इंजिनावर लेंड्या, कुरतडलेल्या फोमचे तुकडे दिसले तर वायरिंगचा प्रत्येक वीतभर भाग हाताने चाचपून बघा.

दुसरा सेन्सर गाडीच्या पोटाखाली असतो. शेतरस्त्याला दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा नेमका त्याच्या वायरीला घासतो. काळ्या मातीचा चिखल कपलरमध्ये घुसून वाळतो. कपाशीच्या शिवारातून आलेल्या गाडीखाली पऱ्हाटीच्या काड्या सायलेन्सरला अडकलेल्या सापडतात. त्या आधी काढा, कारण तिथे सेन्सरपेक्षा आगीची काळजी मोठी आहे.

कपलर उघडून पिना हिरव्या पडल्यात का, वाकल्यात का ते बघा. इथे एक सक्त सूचना: सेन्सरच्या कपलरमध्ये ग्रीस, ऑइल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर मारू नका. टोपीच्या आत जी बाहेरची हवा लागते ती अनेक सेन्सरमध्ये वायरीच्या तारांमधूनच आत जाते. वाट तेलकट झाली की चांगला सेन्सरही चुकीचा आकडा देतो. म्हणूनच सेन्सरची वायर तुटली तर डाग देऊन जोडण्याऐवजी दाबून बसवायचे कनेक्टर वापरतात.

धुराची गळती

हे काम इंजिन थंड असताना, सकाळी करा. गाडी सुरू करून मॅनिफोल्डजवळ कान द्या. टक-टक-टक असा आवाज येऊन इंजिन तापल्यावर तो कमी होत असेल तर गास्केट किंवा मॅनिफोल्डची चीर. सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा हीही खूण. मदतीला कुणी असेल तर जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड काही सेकंद अर्धवट दाबायला सांगा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे येतील. सेन्सरच्या आधीची गळती, आणि सेन्सरच्या लगेच पुढची गळतीसुद्धा, आकडा बिघडवते. गळती मिटल्याशिवाय पुढची कुठलीही चाचणी ग्राह्य धरू नका.

गास्केट बसवताना साधा सिलिकॉन चोपडू नका. त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर पांढरा थर धरते आणि सेन्सर कायमचा मरतो. सेन्सरला चालणारा म्हणून पाकिटावर लिहिलेलाच घ्या.

हीटरची तपासणी

पी०१३५ किंवा पी०१४१ असेल तर हे सगळ्यात सोपं काम आहे. सेन्सर थंड, चावी बंद, कपलर उघडा. चार वायरींच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन वायरी हीटरच्या. बॉश आणि एनटीके यांच्याकडे सहसा दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी ग्राउंडची. डेन्सोच्या बऱ्याच सेन्सरमध्ये दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी ग्राउंडची. हे रंग सेन्सरच्या बाजूचे. गाडीच्या बाजूचे रंग वेगळे असतात, तिथे पिनेच्या जागेवरून ओळखा.

हीटरच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. साधारण ४ ते १५ ओहमच्या दरम्यान आकडा यावा. बऱ्याच सेन्सरमध्ये तो ९ च्या आसपास असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर जळाला, सेन्सर बदला, विषय संपला. हीटरची पिन आणि सेन्सरची धातूची बॉडी यांच्यात मात्र काहीच जोड दिसता कामा नये. सिग्नलच्या पिनेवर ओहम मोजण्याच्या भानगडीत पडू नका.

हीटर चांगला निघाला तर गाडीच्या बाजूच्या कपलरवर वळा. चावी ऑन करून, काही गाड्यांत इंजिन सुरू करून, हीटरच्या एका पिनेवर बॅटरीएवढं व्होल्टेज आलं पाहिजे. नाही आलं तर फ्यूज आणि रिले. हा फ्यूज अनेकदा इतर गोष्टींबरोबर सामायिक असतो, म्हणून एकदम तीन-चार कोड आले असतील तर फ्यूजचा डबा आधी उघडा. दुसऱ्या पिनेचं ग्राउंड ईसीयू चालू-बंद करत राहतो. व्होल्टेज येतंय, हीटर शाबूत आहे आणि तरी कोड जात नाही, तेव्हा कपलर ते ईसीयू ही वायर मध्येच तुटली आहे का ते मोजायचं. "ईसीयू गेला" हा निष्कर्ष त्यानंतरचा.

सिग्नलची तपासणी

इंजिन पूर्ण गरम करा, म्हणजे रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत. मग २५०० आरपीएमवर दोन मिनिटं धरा. अॅपमध्ये सेन्सर १ चा आलेख लावा. तो ०.२ च्या खालून ०.७ च्या वर आणि परत खाली, असा सतत जात-येत राहिला तर सेन्सर जिवंत आहे. ०.४ ते ०.५ मध्ये अडकून बसला असेल तर सेन्सर तापलेला नाही किंवा सिग्नलची वायर तुटली आहे. अनेक गाड्यांत ईसीयू स्वतःच त्या वायरीवर ०.४५ च्या आसपास व्होल्टेज ठेवतो, त्यामुळे सेन्सर काढून टाकला तरी स्क्रीनवर हाच आकडा दिसतो. सतत वर किंवा सतत खाली असेल तर पुढची चाचणी करा.

ही चाचणी रस्त्यावर सगळ्यात सुरक्षित. मोबाइल शेजारी बसलेल्याच्या हातात द्या, चालवताना स्क्रीन बघायची नाही. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा: आकडा ०.८ च्या वर जायला हवा. मग गिअर तसाच ठेवून पाय पूर्ण काढा. ईसीयू पेट्रोल तोडतो, सायलेन्सरमधून निव्वळ हवा जाते, आणि आकडा ०.१ किंवा त्याखाली यायला हवा. चाळीसगाव-कन्नडचा औट्रम घाट गिअरमध्ये उतरताना हे फार छान दिसतं, कारण पेट्रोल लांबवर तुटलेलं राहतं. ही दोन्ही टोकं गाठणारा सेन्सर सहसा दोषी नसतो. तो आयडलवर लीन दाखवत असेल तर बहुधा खरंच लीन आहे.

पेट्रोल तुटलेलं असतानाही ०.८ दाखवतोय? वायर हीटरच्या बारा व्होल्टला कुठे चिकटली आहे का बघा, नसेल तर सेन्सर बाद. पूर्ण अॅक्सिलरेटर देऊनही ०.१ वरून हलत नाही? कपलर उघडून, सिग्नलच्या वायरीला टाचणी लावून, सेन्सरच्या बाजूने थेट मल्टिमीटरवर २ व्होल्टच्या रेंजमध्ये मोजा. कपलर उघडल्यावर हीटरही बंद होतो, म्हणून हे इंजिन चांगलं तापलेलं असताना पटकन करा. मीटरवर आकडा नीट येतोय आणि स्क्रीनवर नाही, तर दोष वायरिंगचा.

पी०१३३, म्हणजे मंद प्रतिसाद, हा कोड स्वस्त डोंगलने पडताळू नका. असा डोंगल सेकंदाला मोजकेच आकडे वाचतो. आलेख आळशी दिसतो तो डोंगलमुळे. इथे ऑसिलोस्कोप असलेला इलेक्ट्रिशियन गाठणं योग्य.

वाइडबँड किंवा ए/एफ सेन्सर (नुसतं रिच-लीन न सांगता हवा-इंधनाचं प्रमाणच मोजणारा) असेल तर वरचे व्होल्ट विसरा. त्यात पाच-सहा वायरी असतात, पण टोयोटाच्या काही गाड्यांत चार वायरींचाच ए/एफ सेन्सर येतो, तेव्हा फक्त वायरी मोजून ठरवू नका, पार्ट नंबर बघा. अशा सेन्सरचा आकडा अॅपमध्ये लॅम्डा म्हणून वाचा: सरळ चालवताना १ च्या आसपास, पाय काढल्यावर एकदम वर. मल्टिमीटर तिथे कामाचा नाही.

फ्युएल ट्रिम, ई-२० आणि सीएनजी

फ्युएल ट्रिम म्हणजे ईसीयूने पेट्रोलच्या हिशोबात केलेली दुरुस्ती. अॅपमध्ये तिचे शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म असे दोन टक्के दिसतात. अधिक म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवतोय, उणे म्हणजे कमी करतोय. दोघांची बेरीज उणे १० ते अधिक १० मध्ये असेल तर फार चिंता नको. त्याबाहेर गेली की कारण शोधा. आयडलवर बेरीज मोठी आणि २५०० वर कमी होत असेल तर इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या) पाइपातून जास्तीची हवा शिरते आहे. उलट, आरपीएम आणि लोड वाढवल्यावर बेरीज वाढत असेल तर पेट्रोल पंपाचं प्रेशर किंवा फिल्टर. उणे मोठी असेल तर गळका इंजेक्टर, टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह, किंवा गरम इंजिनाला थंड समजणारा कूलंट टेंपरेचर सेन्सर. एअर फिल्टर चोक झाला म्हणून गाडी रिच चालते, हे कार्ब्युरेटरच्या काळातलं. इंजेक्शनच्या गाडीत मोजून आलेल्या हवेनुसारच पेट्रोल सुटतं. आपल्याकडच्या धुळीत फिल्टर वेळेवर बदला, पण त्याच्याकडून हा कोड जाण्याची आशा नको.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याला हवा कमी लागते, प्रमाण १३.५ च्या आसपास. त्यासाठी न बनलेल्या जुन्या गाडीत ट्रिम काही टक्के अधिककडे सरकलेली दिसणं साहजिक आहे. तेवढ्यावरून सेन्सरला दोष देऊ नका. अॅपमधला १४.७ चा आकडा बहुतेक वेळा लॅम्डावरून गुणाकार करून दाखवलेला असतो, लॅम्डा हाच खरा.

बाहेरून बसवलेला सीएनजी किट असेल तर दोन गोष्टी. एक, काही किटच्या वायरिंगमध्ये ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नल वायरीला फाटा जोडलेला असतो. पिळून टेप गुंडाळलेला तो सांधा सैल होतो, आणि कोड मात्र सेन्सरच्या नावाने येतो. दोन, गॅसचं ट्युनिंग बिघडलं की पी०१७१ किंवा पी०१७२ येतो. म्हणून सगळी तपासणी आधी फक्त पेट्रोलवर करा. पेट्रोलवर ट्रिम ठीक आणि गॅसवर बिघडत असेल तर किटवाल्याकडे जा, सेन्सरच्या दुकानात नाही.

पी०४२० आणि दुसरा सेन्सर

इंजिन गरम, २५०० आरपीएम स्थिर. दुसऱ्या सेन्सरचा आलेख ०.६ ते ०.७ च्या आसपास शांत असायला हवा. तो पहिल्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टर थकला आहे. दुसरा सेन्सर हे बरोबर सांगतोय. सेन्सर धुराच्या वाटेतून मागे ओढून बसवणारा स्पेसर लावून दिवा घालवणारे भेटतात. त्याने दिवा जातो, धूर तोच राहतो.

काढणं

आदल्या रात्री सेन्सरच्या आट्यांवर गंज सैल करणारा स्प्रे मारा. सकाळी गाडी दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा. धातू कोमट असला की आटे सुटतात. पूर्ण गरम असेल तर हात भाजेल आणि आटेही जाम होतील. आधी कपलर सोडवा, वायरीच्या क्लिपा काढा. सेन्सर टाकूनच द्यायचा असेल तर वायर कापून २२ चा बंद रिंग पाना घाला, पकड उत्तम मिळते. तोंड उघडा पाना वापरू नका, षटकोन गोल होतो. पाव आटा सैल, थोडा परत घट्ट, पुन्हा सैल, पुन्हा स्प्रे. एका दमात ओढाल तर मॅनिफोल्डचे आटे सोबत येतील. कारच्या सेन्सरचे आटे सहसा १८ मिमी, दीडच्या पिचचे. ते खराब झालेच तर लेथवाल्याकडून त्याच मापाचा टॅप फिरवून घ्या.

निघालेला सेन्सर फेकण्याआधी टोक बघा. कोरडी काळी काजळी: गाडी रिच चालत होती, कारण अजून तिथेच आहे. तेलकट तपकिरी-काळं: इंजिन ऑइल पितंय. पांढरी भुकटी: सिलिकॉन. पांढरट-हिरवट खरखरीत थर: कूलंट आत शिरतंय, हेड गास्केट बघा. हे कारण न मिटवता नवा टाकला तर त्याचीही गत तीच. जुना सेन्सर पेट्रोलमध्ये बुडवून किंवा गॅसच्या ज्योतीने तापवून "साफ" करण्याचा उद्योग करू नका. काजळी जळेल, सिलिकॉन आणि कूलंटचा थर जात नाही, आणि सिरॅमिक तडकण्याची भीती वेगळीच.

बसवणं

पार्ट नंबर जुळवूनच घ्या. आटे बसले, कपलर बसला म्हणजे सेन्सर तोच असं नाही. कपलर नसलेला युनिव्हर्सल सेन्सर स्वस्त पडतो, पण नवख्याने त्याच्या नादी लागू नये. हातातून फरशीवर पडलेला सेन्सर बसवू नका, आतलं सिरॅमिक चिरलेलं बाहेरून दिसत नाही.

नव्या सेन्सरच्या आट्यांवर बहुधा जाम न होण्याची पेस्ट लावलेली येते. नसेल तर अगदी थोडी, फक्त आट्यांवर. टोकाच्या जाळीला एक थेंबही नाही. पहिले तीन-चार आटे हातानेच फिरले पाहिजेत. मग टॉर्क पान्याने साधारण ४० न्यूटन-मीटर, गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो. वायर पिळू देऊ नका, मूळ क्लिपमध्येच अडकवा, गरम पाइपापासून लांब.

त्यानंतर

कोड पुसा. गाडी थंड सुरू करून तीन मिनिटं आयडलवर ठेवा, मग हायवेवर ७०-८० च्या स्थिर वेगाने पंधरा-वीस मिनिटं. जळगाव ते भुसावळ किंवा धुळे ते पारोळा एवढं अंतर पुरतं. मध्ये दोन-तीनदा गिअरमध्ये पाय काढून वेग कमी होऊ द्या. अॅपमध्ये रेडिनेस नावाच्या पानावर ऑक्सिजन सेन्सर आणि हीटर यांच्यासमोर पूर्ण असं येईपर्यंत तपासणी झाली असं धरू नका. काही गाड्यांना दोन-तीन दिवस लागतात. शे-दोनशे किलोमीटरनंतर लाँग टर्म ट्रिम शून्याकडे सरकलेली दिसली पाहिजे.

हीटरवाला सेन्सर एरवी दीड लाख किलोमीटरपर्यंत टिकतो. उन्हात लांबून आलेली गाडी लगेच वॉशिंगला लावून पोटाखाली गार पाण्याचा फवारा मारला, की तापलेलं सिरॅमिक तडकू शकतं. अर्धा तास थांबा.

नवा सेन्सर टाकूनही तोच कोड आला तर दोष बहुधा वायर, फ्यूज किंवा कपलरमध्ये आहे, तिसरा सेन्सर आणू नका. कोड बदलला, म्हणजे आधी पी०१३५ होता आणि आता पी०१७१ आला, तर नवा सेन्सर नीट काम करतोय आणि गाडीतला मूळ दोष आता कुठे त्याला दिसायला लागला आहे. इनटेकचे पाइप, गास्केट आणि पेट्रोलचं प्रेशर, या क्रमाने पुन्हा सुरुवात करा.